टाकी फुल केली की डिझेलचा वास: पिकअपचा फिलर पाइप पुन्हा पुन्हा का फाटतो

सव्वा वर्षात एकच पाइप तीनदा बदलला. डिझेल टाकीच्या झाकणाखालचं लोखंडी तोंड आणि टाकी यांना जोडणारा, वीतभर लांबीचा, मनगटाएवढा जाड काळा रबरी पाइप. कुणी त्याला फिलर पाइप म्हणतं, कुणी फिलर होज, आमचा मिस्त्री नुसतं ‘नळकांडं’ म्हणतो. पाइप बदलणं हे तासाभराचं काम. तो पुन्हा पुन्हा का जातोय हे कळायला मात्र मला सव्वा वर्ष लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी नारायणगाव ते वाशी चालते. टोमॅटोचे क्रेट, आठवड्याला चार फेऱ्या. संध्याकाळी भरायचं, आळेफाट्याला टाकी फुल करायची, माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे रात्री दोनच्या आसपास मार्केटात. त्रास सुरू झाला तो असा: घाटात केबिनमध्ये डिझेलचा वास यायचा. मुरबाड मागे पडलं की वास गायब. परतीला रिकाम्या गाडीत कधीच नाही. दोन-तीन मिस्त्रींना दाखवली, पण दाखवायला नेईपर्यंत टाकी निम्म्यावर आलेली असायची आणि खाली सगळं कोरडं. ‘काही नाही शेठ, भरताना सांडलं असेल,’ हे उत्तर ठरलेलं.

वास कधी येतो आणि कधी जातो, यातच निम्मं निदान आहे. कायम येत असेल तर टाकीचा तळ, इंजिनकडे जाणारी लाइन, उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी रिटर्न लाइन आणि फिल्टरचे जोड बघा. टाकी फुल असतानाच येत असेल आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर बंद होत असेल, तर गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. तिथे संशयित फार नाहीत: फिलर पाइप, त्याच्या शेजारचा हवा बाहेर सोडणारा बारका पाइप, झाकणाचा रबर आणि टाकीच्या माथ्यावर डिझेल किती आहे ते दाखवणाऱ्या गेजचा फ्लोट बसतो तिथलं पॅकिंग. डिझेल खाली उतरलं की हे सगळे भाग कोरडे होतात आणि गुन्हेगार नामानिराळा.

माझ्या गाडीत टाकी डाव्या अंगाला आहे. त्यामुळे गाडी उजवीकडे वळली की डिझेल डावीकडे, म्हणजे फिलर पाइपात चढतं. माळशेजमध्ये उजव्या वळणांनंतर वास वाढायचा, त्याचं कारण हे. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो आणि रस्त्याचा उतारही त्याच बाजूला असतो, म्हणून चहाला थांबलं तरी गळायचं. त्यात डिझेल फुगतं. तापमान १० अंशांनी वाढलं तर ६० लिटरमागे साधारण अर्धा लिटर. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड डिझेल गळ्यापर्यंत भरायचं आणि गाडी दुपारी उन्हात ठेवायची, म्हणजे ते वर चढून फाटलेल्या जागेपर्यंत येणारच. एकदा फुल टाकीची गाडी रात्रभर घरासमोर उभी करून खाली जर्मनचं ताट ठेवलं. सकाळी ताटात पाऊण वाटी डिझेल होतं. त्या दिवसापासून ‘भरताना सांडलं असेल’ ऐकणं बंद केलं.

पावसाळ्यात दुसरंच प्रकरण. फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागायला लागला. पाणी काढलं, चार दिवसांनी पुन्हा दिवा. मी सरळ डिझेल भरायच्या पंपावर संशय घेतला, दुसऱ्या पंपावर भरायला लागलो, तरी तेच. मग लक्षात आलं की डिझेल बाहेर यायला जी चीर आहे, तीच पाणी आत जायला आहे. मागच्या चाकाने उडवलेलं चिखलपाणी नेमकं त्या पाइपावर बसत होतं. हा प्रकार वासापेक्षा महाग पडू शकतो. कॉमन रेल, म्हणजे फार जास्त दाबाने डिझेल मारणाऱ्या, इंजिनाच्या पंपाला आणि इंजेक्टरला पाणी सोसत नाही आणि त्यांच्या खर्चापुढे पाइपाची किंमत म्हणजे चहापाणी.

गळती नक्की कुठे आहे ते बघायचा घरगुती उपाय सांगतो. टाकी कमी असताना पाइप, त्याची टोकं आवळणाऱ्या दोन्ही क्लिपा आणि आजूबाजूचा भाग धुऊन, पुसून, पूर्ण वाळू द्या. त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर हलक्या हाताने भुरभुरा. मग टाकी फुल करा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन खाली बघा. डिझेलचा ओघळ पावडरीवर पिवळट रेघेसारखा दिसतो आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. ओल सगळ्यात जास्त जिथे दिसते तिथे गळती असते असं नाही, डिझेल पाइपावरून सरकत जाऊन सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. मी आधी दोनदा खालची क्लिप उगाच आवळली होती. टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत. तसलं काही करू नका.

आता तीन वेळा बदलल्याची गोष्ट. पहिल्यांदा पाइप वयाने गेला होता. पाइप वळतो त्या बाकावर बारीक उभ्या-आडव्या भेगा, उन्हात ठेवलेल्या जुन्या चपलेसारख्या. तेव्हा भर पावसात, रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये होतो. मिस्त्रीने रेडिएटरच्या पाइपाचा तुकडा कापून बसवला. माप जमलं, क्लिपा आवळल्या, मीही खूश. चार महिन्यांत तो पाइप भिजलेल्या पावासारखा झाला, बोटाने दाबला की खड्डा राहायचा.

रेडिएटरचा पाइप बहुतेक वेळा ईपीडीएम रबराचा असतो. गरम पाणी, कूलंट, ऊन यांना तो उत्तम, पण डिझेल-पेट्रोलमध्ये फुगतो आणि मऊ पडतो. इंधनाच्या पाइपाला आतून नायट्राइल रबर लागतं, मध्ये दोऱ्याचं विणकाम आणि बाहेरून ऊन-हवा सोसणारा थर. दुकानात दोन्ही काळेच दिसतात. पाइपावर छापलेलं वाचा, आणि काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका. मला नंतर खात्री करायची होती, म्हणून दोन्ही प्रकारच्या पाइपांच्या ३० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून बाटलीत डिझेलमध्ये टाकून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी नायट्राइलची पट्टी जवळपास होती तेवढीच होती, रेडिएटरची ३५ च्या पुढे गेली होती आणि हातात चिखलासारखी लिबलिबत होती. पेट्रोल गाडीवाल्यांनी याहून जास्त सांभाळायचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या साठ्यातला, इथेनॉलला चालेल असं न लिहिलेला पाइप नकोच.

दुसऱ्यांदा बरोबर पाइप घेतला, मूळ आकाराचा, बाक तयार असलेला. साडेसातशे रुपये गेले. आता सुटलो असं वाटलं. सात महिन्यांत तोही गेला.

इथे मी चुकलो ते हे, की पहिले दोन्ही जुने पाइप गॅरेजमध्येच टाकून आलो. तिसऱ्या वेळी मात्र काढलेला पाइप घरी आणला, धुतला आणि उजेडात नीट बघितला. जुना पाइप सगळं सांगतो, फक्त वाचता आला पाहिजे. सगळीकडे मऊ आणि फुगलेला म्हणजे रबर चुकीचं. बाकावर बारीक भेगा म्हणजे वय आणि ऊन. क्लिपेखाली गोल कापल्यासारखी खाच म्हणजे क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळली, किंवा क्लिपेची कड धारदार. अंगावर तिरक्या वळ्या म्हणजे बसवताना पीळ राहिला. जोडीजोडीने दाताच्या खुणा आणि कुरतडलेली कड म्हणजे उंदीर-घूस. आमच्याकडे कांदाचाळीशेजारी गाड्या लागतात, त्यामुळे हाही प्रकार नेहमीचा. आणि एकाच बाजूला घासून चपटा झालेला, बाकी पाइप ठणठणीत, तर तो कुठेतरी घासतोय.

माझ्या पाइपावर एकाच बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, समांतर बारीक ओरखडे होते. शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. बराच वेळ ते काय आहे कळेना. मग गाडीखाली गेलो. हौदा (माल भरायचा मागचा भाग) चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचं एक टोक नटाच्या बाहेर दोन बोटं आलेलं होतं. बाकी सगळे बोल्ट गंजलेले आणि चिखलाने माखलेले, याचे आटे तेवढे चकचकीत. आट्यांच्या खोबणीत रबराची काळी पूड भरलेली. जुना पाइप त्या टोकाला लावून बघितला, ओरखडे आणि आटे बरोबर जुळले.

पण सात महिन्यांत पाइप त्या बोल्टपर्यंत पोचला कसा? मूळ जागी पाइप त्या बोल्टपासून चांगला दोन बोटं लांब असतो. याचं उत्तर हौद्यात होतं. फिलरचं लोखंडी तोंड हौद्याच्या बाजूला पट्टीने धरलेलं आहे आणि टाकी चासीला. म्हणजे पाइपाचं एक टोक हौद्याबरोबर हलतं, दुसरं चासीबरोबर. दोन्ही घट्ट असतील तर फरक नगण्य. मी दोन वर्षांपूर्वी बॉडीवाल्याकडून हौद्याच्या बाजू उंच करून घेतल्या होत्या. तेव्हा हौदा उचलून पुन्हा बसवला गेला आणि हौदा आणि चासी यांच्या मधल्या, डाव्या बाजूच्या मागच्या रबरी पॅडच्या जागी टायरच्या ट्यूबची घडी घातली गेली. ती दबून चोथा झाली, त्या कोपऱ्यात हौदा बसला, बोल्ट सैल पडला.

तुम्हाला तपासायचं असेल तर असं करा. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकाला दगड लावा. एकाला हौद्यात उभं करून डावी-उजवीकडे झुलायला सांगा. तुम्ही फिलरचं तोंड आणि चासी यांच्या मधल्या फटीत बोट ठेवा. माझा धाकटा भाऊ झुलत होता आणि फट माझ्या बोटावर उघडझाप करत होती, सेंटिमीटरभर तरी. पासष्ट किलोच्या माणसाने एवढं हलतंय तर दीड टन टोमॅटो घेऊन घाट उतरताना काय होत असेल! पाइपाची काही चूकच नव्हती, तो बिचारा हौदा आणि चासी यांच्या ओढाताणीत सापडला होता.

म्हणून आधी हौदा नीट केला. चारही कोपऱ्यांना कंपनीच्या जाडीचे रबरी पॅड, नवे यू-बोल्ट, डबल नट, आणि बाहेर आलेलं टोक हॅक्सॉने कापून कड कानसीने मारून घेतली. ग्राइंडर नाही, ठिणगी नको. फिलरच्या तोंडाची पट्टीही जागेवरून सरकली होती. मिस्त्री म्हणाला, ‘दोन मिनिटांचं वेल्डिंग आहे, मारून टाकतो.’ डिझेल टाकीपासून हातभर अंतरावर! पट्टी काढली, गोल कानसीने तिचं भोक लांबट केलं आणि तोंड सरळ टाकीच्या नळीसमोर आणून बोल्ट आवळला. दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांकडे बघत असली पाहिजेत. रबराने वाकून जुळवून घ्यावं अशी अपेक्षा ठेवली की पाइप फाटलाच समजा.

आता प्रत्यक्ष बदलायचं काम. टाकी पाव किंवा त्याहून कमी असू द्या. काम उघड्यावर, इंजिन आणि सायलेन्सर गार झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून. डिझेल पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकेल असं तापमान, किमान ३५ अंश असतो आणि पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चासीचं लोखंड ३५ च्या बरंच वर जातं, तेव्हा ‘डिझेलच आहे’ म्हणून बिडी ओढत काम करणाऱ्याला आधी घरी पाठवा. पेट्रोल गाडी असेल तर गॅरेजच्या खड्ड्यात उतरून हे काम अजिबात करू नका, वाफ जड असते आणि खाली साचते.

पाइपाला हात लावण्याआधी तो भाग पाण्याने स्वच्छ धुवा आणि वाळवा. हे सगळे टाळतात. तिथे वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला असतो, पाइप ओढला की तो सरळ टाकीत. धुऊन झालं की मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, क्लिपेचे स्क्रू कुठल्या बाजूला आहेत तेही दिसू द्या. टाकीचं झाकण एकदा उघडून आतला दाब सोडा आणि मग क्लिपा ढिल्या करा. स्क्रू गंजून बसला असेल तर पेचकसने खाचा मोडत बसण्यापेक्षा ७ किंवा ८ नंबरची गोटी (सॉकेट) लावा, बहुतेक क्लिपांच्या स्क्रूचं डोकं षटकोनी असतं.

जुना पाइप नळीला चिकटून बसलेला असतो. तो पेचकस घालून उचकटू नका, नळीच्या कडेला ओरखडा पडला तर नव्या पाइपातूनही तिथूनच झिरपणार. पात्याने पाइपाला लांबीत चीर द्या, पण नळीपर्यंत पातं टेकवू नका. शेवटचा पातळ थर हाताने फाडा, पाइप केळ्याच्या सालीसारखा उलगडतो. निघाल्याबरोबर टाकीच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा घाला, मोठा, अर्धा बाहेर लोंबणारा. छोटा बोळा टाकीत पडला तर पुढची गोष्ट मी सांगायला नको.

नळ्या आता उघड्या दिसतील. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा आणि पुसून काढा. कडेला एक उंचवटा असतो, तो शाबूत आहे का बघा. गंजाने नळीला बारीक भोक पडलं असेल तर तोंडच बदला, एम-सील लावून फार दिवस निघत नाहीत. मला तीन महिने निघाले होते, तेही पाइपाच्या पहिल्या भानगडीत.

नवा पाइप घेताना मापाचा अंदाज नको. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा, तोच पाइपाचा आतला व्यास. दोन-तीन मिलिमीटर मोठा पाइप क्लिपेने आवळून बसतो असं वाटतं, पण त्याला घडी पडते आणि घडीतून थेंब येतो. शक्यतो मूळ आकाराचाच बाकदार पाइप घ्या. सरळ पाइप वाकवून बसवला तर बाकात तो चेपतो आणि पंपाचा नोजल दर दोन लिटरला टक्-टक् करून बंद पडतो.

बसवताना आधी क्लिपा पाइपावर चढवा, नंतर आठवण झाली की सगळं परत काढायला लागतं. पाइपाच्या आतून थोडं डिझेल फिरवा, तेवढ्याने तो सरकतो. ग्रीस नको. प्रत्येक नळीवर किमान ३० मिलिमीटर आत जाऊ द्या. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा, उंचवट्यावर नाही, आणि पाइपाच्या कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत. हाताने घट्ट होईल इतकीच आवळा. क्लिपेच्या खाचांतून रबर फुगून वर यायला लागलं की जास्त झालं, थोडी मागे घ्या. आवळण्याआधी पाइपाला पीळ नाही ना ते बघा. नव्या पाइपावर लांबीत छापलेली रेघ असेल तर ती दोन्ही टोकांना एकाच बाजूला राहिली पाहिजे.

शेजारचा बारका पाइप, म्हणजे हवेचा पाइप, त्याच वेळी बदला. त्याचंही वय तेवढंच असतं. डिझेल आत येताना टाकीतली हवा त्याच वाटेने वर येते. हा पाइप टाकीपासून तोंडापर्यंत सतत चढता राहिला पाहिजे. मध्ये कुठेही खाली झोळ पडला तर त्या झोळात डिझेल साचतं, हवेची वाट बंद होते आणि डिझेल फेसाळून वर येतं. नोजलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, ते फेसाने किंवा डिझेलने झाकलं की नोजल स्वतःहून बंद होतो. तेव्हा पंपावरच्या पोराशी भांडण्याआधी या पाइपाचा झोळ बघा. माझ्याकडे मिस्त्रीने तो उरलेल्या लांबीसकट तसाच गुंडाळून बांधला होता. वीतभर कापून टाकला आणि नोजलची टकटक त्याच दिवशी थांबली.

काम झाल्यावर टाकी लगेच फुल करू नका. आधी दहा-पंधरा लिटर, मग खाली बघा. मग निम्मी, पुन्हा बघा. शेवटी फुल, आणि तेव्हा पावडरीचा प्रयोग एकदा परत करा. नोजल पहिल्यांदा बंद झाला की थांबा, ‘राउंड फिगर’ करायला अजून शंभरचं कोंबू नका. शंभरेक किलोमीटर चालल्यावर क्लिपा एकदा तपासा, नवं रबर थोडं बसतं आणि अर्धा आटा ढिला पडतो. फिल्टरमध्ये पाण्याचा दिवा लागत होता त्यांनी फिल्टर बदलून टाकीच्या तळातलं पाणीही काढून घ्यावं. नाहीतर पाइप नवा आणि दिवा जुनाच, असं होऊन तुम्ही परत पाइपाला दोष द्याल.

मी एक जास्तीची गोष्ट केली. लोखंडी तोंडावरून पाइपावर येणारी पांढऱ्या ऑइल पेंटची सरळ रेघ मारून ठेवली, आणि तशीच एक हौदा आणि चासी यांच्या जोडावर. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी सरकलंय, गाडीखाली झोपायची गरज नाही, हवा भरताना वाकून बघितलं की झालं. दहा महिने झाले, पाइपावरची रेघ एकसंध आहे. हौद्यावरची मात्र मागच्या महिन्यात जरा मोडलेली दिसली. डावीकडचा मागचा नट अर्धा फेरा फिरला होता, तो परत आवळला.